परफॉर्मन्स क्लच टाकल्यावर परत परत येणारी थरथर: गिअरबॉक्स उतरवायच्या आधी काय बघायचं

गाडी रीमॅप केली (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली), टॉर्क (इंजिनचा फिरवायचा जोर) वाढला, कंपनीचा क्लच घसरायला लागला म्हणून मग तगडा क्लच बसवला, आणि आता सिग्नलवरून निघताना गाडी अशी थरथरते की बाजूला बसलेला माणूस दाराचं हँडल धरतो. मेकॅनिककडे नेली की तो गिअरबॉक्स उतरवतो, प्लेट बदलतो किंवा घासून परत बसवतो, थोडे दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा तेच. काही जणांचे असे दोन-दोन, तीन-तीन सेट बदलून झालेत तरी थरथर जात नाही आणि शेवटी कंटाळून लोक एकतर गाडी विकतात नाहीतर सगळं स्टॉक, म्हणजे परत कंपनीसारखं, करून टाकतात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा क्लच चांगला असतो, फक्त थरथर नक्की कधी येते, कशी येते हे कोणी विचारलेलंच नसतं. आधी ते बघा, पार्ट नंतर बदला.

पहिली गोष्ट, "क्लच खराब आहे" या एका वाक्यात लोक तीन वेगळ्या तक्रारी कोंबतात. एक म्हणजे थरथर, म्हणजे क्लच सोडताना पकड सलग येत नाही, झटके झटके येतात. दुसरी घसरण, म्हणजे क्लच पूर्ण सोडलाय तरी आरपीएम वर जातो आणि गाडी तेवढी पळत नाही. तिसरी म्हणजे क्लच पूर्ण दाबला तरी पूर्ण सुटत नाही, मग पहिला आणि रिव्हर्स टाकताना घर्रर्र होतं किंवा गिअर पडतच नाही. तिन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे, आणि कधी कधी तर एकमेकांच्या उलटे.

घसरण तपासायला रिकाम्या सरळ रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये २००० आरपीएमच्या आसपास या आणि पूर्ण एक्सलेटर दाबा. आरपीएमचा काटा आणि वेग सोबत वाढले तर क्लच धरतोय, काटा एकदम उडी मारून पुढे गेला आणि वेग मागे राहिला तर घसरतोय. हँडब्रेक ओढून गिअरमध्ये इंजिन बंद पाडायची जी जुनी टेस्ट आहे ती परत परत करू नका, त्यात प्लेट उगाच भाजते आणि कळत काहीच नाही, कारण पहिल्या गिअरला गाडी उचलताना घसरणं आणि वरच्या गिअरला टर्बो भरल्यावर घसरणं यात खूप फरक आहे. क्लच न सुटण्याची टेस्ट पण सोपी आहे. इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण दाबा, पहिला टाका, न्यूट्रल करा, क्लच दाबलेलाच ठेवून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज आला तर गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांमध्ये सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारा भाग) नसतो म्हणून तिथे हे लगेच ऐकू येतं.

आता थरथरीकडे येऊ, कारण मूळ त्रास तिचाच आहे.

बघायचं काय, तर दोन प्रश्न. थंड असताना येते की गरम झाल्यावर? आणि थरथरीचा ताल एकसारखा राहतो की बदलतो? या दोन उत्तरांवर निम्मं निदान होतं, आणि याला एक पाना पण लागत नाही.

तालाचं आधी सांगतो कारण त्याबद्दल फार कमी बोललं जातं. थरथर दोन प्रकारची असते. एका प्रकारात दोष घर्षणात असतो. घसरण्याचा वेग जसा कमी होतो तशी लायनिंगची (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराची) पकड वाढत गेली, की प्लेट चिकटते-सुटते-चिकटते-सुटते असं करायला लागते आणि अख्खी ड्राइव्हलाइन, म्हणजे शाफ्ट, जॉइंट, टायर सगळं, आपल्या नैसर्गिक कंपनावर झुलायला लागतं. हे कंपन साधारण सेकंदाला १० वेळाच्या आसपास असतं आणि तुम्ही ११०० वर क्लच सोडा की १८०० वर, ताल जवळपास तोच राहतो. दुसऱ्या प्रकारात दोष आकारात असतो, म्हणजे फ्लायव्हीलचं (इंजिनला लावलेल्या, प्लेट ज्यावर धरते त्या जड चाकाचं) तोंड, म्हणजे घासणारी बाजू, वाकडं आहे, प्रेशर प्लेट (प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणारा भाग) सगळीकडे सारखी दाबत नाही, प्लेट वाकलीय, किंवा इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत नाहीत. इथे इंजिन आणि गिअरबॉक्स शाफ्ट यांच्या वेगात जेवढा फरक तेवढे झटके. गाडी उभी असताना इंजिन १२०० वर असेल तर सेकंदाला २०, आणि गाडी हलायला लागली की फरक कमी होत जातो तसा ताल मंद होत जातो, आणि मधेच एका टप्प्यावर, जिथे तो ड्राइव्हलाइनच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतो, तिथे एकदम जोरात हादरते आणि मग शांत. म्हणजे ताल ठरलेला असेल तर लायनिंग, तेल, ग्रीस, काच झालेली (भाजून गुळगुळीत, चकचकीत झालेली) प्लेट यांच्यावर संशय घ्या, ताल बदलत असेल तर मोजमाप काढा. दुसऱ्या प्रकारात तुम्ही कितीही नवीन प्लेटा टाका, थरथर परत येणारच, कारण वाकडी वस्तू तिथेच आहे. आणि "नवीन सेट टाकला तरी परत आली" म्हणणाऱ्यांमध्ये हाच प्रकार जास्त असतो असं माझं मत आहे.

थंड-गरमचं असं. सकाळी, त्यातही दमट हवेत, पहिल्या चार-पाच वेळा निघताना थरथर आणि मग दिवसभर गायब, असं असेल तर फार काळजी करू नका. लोखंडी तोंडांवर रात्रीत हलका गंज आणि ओल बसते, ती घासून जाते. सिंटर्ड किंवा सिरॅमिक पक (सलग लायनिंगऐवजी बसवलेले कडक तुकडे) असलेल्या प्लेटांना थंड असताना तशीही आदळल्यासारखी पकड येते, तो त्या मटेरियलचा स्वभावच आहे आणि तो कुठलाही मेकॅनिक बदलू शकत नाही. उलट सकाळी गाडी लोण्यासारखी निघते आणि अर्धा तास ट्रॅफिक झाल्यावर थरथरायला लागते, हे मात्र गंभीर. गरम झाल्यावर येणारी थरथर म्हणजे उष्णता कुठेतरी साचतेय आणि तोंडं त्यामुळे वाकतायत किंवा लायनिंगवर काच चढतेय.

इथे उष्णतेचा हिशोब एकदा करून बघाच, मग ड्रायव्हिंगची सवय आपोआप बदलते. गाडी थांबलेली असताना क्लच सरकवत निघालो की, इंजिनचा आरपीएम साधारण स्थिर धरला तर, जेवढी गतिज ऊर्जा गाडीला मिळते तेवढीच क्लचमध्ये उष्णता होते. १४०० किलोची गाडी घ्या. समजा पहिल्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला वेग १२ किमी आहे. त्या वेगापर्यंत सरकवत नेली तर सुमारे ८ किलोज्यूल उष्णता. तीच गाडी ३००० आरपीएम धरून सरकवली तर पकड जुळेपर्यंत वेग २४ होतो आणि उष्णता ३१ किलोज्यूल. आरपीएम दुप्पट, उष्णता चौपट. आता पाच किलोचं हलकं स्टील फ्लायव्हील असेल तर त्याचं सरासरी तापमान एका अंशाने वाढवायला साधारण २.३ किलोज्यूल लागतात, म्हणजे ३००० वाली एक निघणी १३ अंश, आणि हे सरासरी, घासणाऱ्या तोंडावर त्या क्षणाला याच्या कितीतरी पट जास्त. (थोडी उष्णता प्रेशर प्लेटमध्ये पण जाते, पण चित्र बदलत नाही.) बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये मिनिटाला दोन-तीन वेळा निघायचं झालं की थंड व्हायला वेळच मिळत नाही, चढावर तर त्याहून वाईट. आणि होतं काय, की तगडा क्लच थरथरतो म्हणून लोक थरथर लपवायला जास्त रेस देऊन हळूहळू सोडतात, त्याने उष्णता चौपट, त्याने काच, त्याने अजून थरथर. हे चक्र मी इतक्या गाड्यांमध्ये बघितलंय की आता कोणी तक्रार सांगितली की पहिला प्रश्न हाच विचारतो, निघताना काटा कुठे असतो?

मग निघायचं कसं, तर आयडलच्या जरा वर, १२००-१५०० च्या आत, पाय पकडीच्या जागेपर्यंत पटकन आणायचा, गाडी हलली की न रेंगाळता पूर्ण सोडायचा. पक असलेल्या क्लचला हाफ क्लचवर लोंबकळणं अजिबात चालत नाही. पुढच्या गाडीच्या मागे दर दोन फुटाला सरकण्याऐवजी जागा मोकळी होऊ द्या आणि एकदाच निघा. चढावर गाडी क्लचवर धरून ठेवू नका, हँडब्रेक वापरा.

आता गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी बाहेरून काय काय बघता येतं. इंजिन माउंट सगळ्यात आधी. कंपनीच्या मऊ क्लचला थकलेले माउंट चालून जातात, तगड्या क्लचला नाही. पकड आली की इंजिन मागे झुलतं, त्याने एक्सलेटरची केबल किंवा क्लचची पाइप ओढली जाते, पकड बदलते, इंजिन पुढे येतं, परत तेच. बॉनेट उघडा, कोणाला तरी आत बसवा, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही पक्के दाबून हलकासा क्लच पकडीपर्यंत आणून लगेच परत दाबायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहून बघा, गाडीच्या पुढे कधीच नाही. इंजिन सरळ दिसण्याइतकं उडी मारत असेल तर माउंट आधी बदला. गिअरबॉक्सचा माउंट, खालचा टॉर्क रॉडचा बुश, मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट आणि सेंटर बेअरिंग, पुढच्या चाकांवर असेल तर ड्राइव्ह शाफ्टचे आतले जॉइंट, हे पण हलवून बघा. ढिलाई कुठेही असली तरी थरथर तिथे मोठी होते.

मग हायड्रॉलिक. इथे एक गोष्ट आहे जी फार जणांना माहीत नसते आणि तिच्यामुळे चांगले क्लच जळतात. पेडलला थोडा फ्री प्ले लागतोच, म्हणजे पायाने दाबल्यावर सुरुवातीचं थोडं अंतर मास्टर सिलेंडरचा (पेडलच्या मागे ऑइल ढकलणाऱ्या सिलेंडरचा) पिस्टन हलायलाच नको. नवीन क्लच टाकल्यावर पकड खाली येते म्हणून कोणीतरी पुशरॉड (पेडलकडून तो पिस्टन ढकलणारी दांडी) लांब करतं, पेडल वर येतं, बरं वाटतं, पण फ्री प्ले गेलेला असतो. आता पिस्टन थोडा पुढेच अडकून राहतो, टाकीकडे परत जायचं छिद्र झाकलं जातं, आणि इंजिन गरम झालं की पाइपमधलं ऑइल फुगतं पण मागे जाऊ शकत नाही, ते रिलीज बेअरिंगला (प्रेशर प्लेटला दाबून क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगला) हळूच ढकलायला लागतं. म्हणजे कोणी न दाबता क्लच अर्धवट दाबलेला. थंड असताना सगळं ठीक, लांब प्रवासात किंवा ट्रॅफिकमध्ये घसरायला लागतो, थोडा वेळ थांबलं की परत ठीक. असं होत असेल तर प्लेटला दोष देऊ नका, पुशरॉड बघा. योग्य फ्री प्ले किती ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेवढाच ठेवा.

ऑइल जुनं असेल तर बदलून एअर काढून घ्या. ते हवेतली ओल ओढतं. डॉट ४ ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल खाल्लेलं असेल तर मानकाप्रमाणे ती किमान मर्यादा १५५ वर येते. ज्यांच्या गाडीत एक्झॉस्ट क्लचच्या पाइपजवळून जातो, त्यातही मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) टाकलाय आणि कंपनीची हीट शील्ड काढून टाकलीय, त्यांना गरम झाल्यावर पेडल मऊ पडणं आणि गिअर न पडणं हा त्रास इथूनच येतो. पाइप थोडी दूर न्या, शील्ड परत लावा, रबरी पाइप फुगत असेल तर स्टील ब्रेडेड घाला. काही गाड्यांमध्ये क्लच अचानक सोडला तरी हळू पकडावा म्हणून पाइपमध्ये ऑइल अडवणारा व्हॉल्व्ह असतो. स्टॉक गाडीत त्याने आराम मिळतो, पण तगड्या क्लचला त्यामुळे पाय सोडल्यानंतरही थोडा वेळ घसरण चालू राहते, दर गिअरला थोडं थोडं भाजत जातं. तो आहे का ते बघून घ्या.

हे सगळं नीट असूनही थरथर किंवा घसरण राहिली तर मग गिअरबॉक्स उतरवायचा, आणि उतरवला की घाई करायची नाही, कारण परत उतरवायला नको असेल तर हीच वेळ आहे. पहिल्यांदा पुसायच्या आधी बघा. प्लेटवर कुठे ओलसर काळं आहे, तेल मागच्या क्रँक सीलचं की गिअरबॉक्सच्या शाफ्ट सीलचं, की स्प्लाइनला (शाफ्टच्या दात्यांना, ज्यांवर प्लेट सरकते) लावलेलं ग्रीस फेकलं गेलंय. ग्रीस लावायचं ते नावापुरतं, बोटाने फासून प्लेट मागेपुढे सरकवायची आणि वर आलेलं सगळं पुसून टाकायचं. बाहेर दिसेल एवढं ग्रीस राहिलं की ते फिरताना सरळ लायनिंगवर जातं आणि सेंद्रिय लायनिंगने (कंपनीच्या क्लचसारख्या मऊ पकडीच्या लायनिंगने) एकदा ते प्यायलं की कुठल्याही क्लीनरने परत येत नाही. अजिबात न लावणंही चुकीचं, मग प्लेट शाफ्टवर अडकते आणि क्लच सुटत नाही. नवीन प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने काढायलाच हवा, आणि त्यानंतर तोंडाला हात लावायचा नाही.

फ्लायव्हीलवर निळे ठिपके दिसतील. निळा रंग साधारण ३०० अंशांलाच येतो, नुसत्या रंगाने घाबरू नका. खरा त्रास कास्ट आयर्नच्या फ्लायव्हीलवर पडणाऱ्या कडक ठिपक्यांचा असतो, तिथे तोंड एका जागी ७०० अंशांच्याही पुढे जाऊन आजूबाजूच्या थंड लोखंडाने झटकन निवतं आणि तेवढा भाग कडक होऊन बसतो. लेथवर टूल लावलं की टूल त्या ठिपक्यावरून उडी मारतं, आजूबाजूचं मऊ लोखंड कापलं जातं आणि ठिपका उंच राहतो. फ्लायव्हील चकचकीत दिसतं, मेकॅनिक समाधानी, आणि नवीन प्लेट टाकल्यावर महिन्याभरात तोच ताल बदलणारा हादरा. म्हणून असं फ्लायव्हील दगडाने ग्राइंड करून घ्यायला हवं, टर्न करून नाही, आणि ठिपके खोल असतील तर सरळ नवीन. पायरी असलेलं फ्लायव्हील असेल तर पायरीची उंची जेवढी कंपनीने दिलीय तेवढीच राहायला हवी, नाहीतर दाब बदलतो आणि पेडल पण वेडंवाकडं येतं. ड्युअल मास फ्लायव्हील (स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांचं) साध्या पद्धतीने घासायचं नसतं, त्याचं दोन्ही दिशांना फिरण्याचं आणि डुलण्याचं अंतर मोजायचं आणि मर्यादेबाहेर असेल तर बदलायचं.

परत बसवल्यावर डायल गेज लावून फ्लायव्हीलचं तोंड फिरवून बघा. मर्यादा गाडीप्रमाणे मॅन्युअलमध्ये असते पण मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचं वाकडेपण सुद्धा पायाला जाणवतं. क्रँकच्या टोकावर गंजाचा किंवा कचऱ्याचा एक कण राहिला तरी तेवढं वाकडेपण येतं, म्हणून बसवायच्या आधी दोन्ही बाजू साफ. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत धरणाऱ्या डॉवेल पिना जागेवर आहेत ना हे हमखास बघा, गिअरबॉक्स बरेचदा उतरवलेल्या गाड्यांमध्ये त्या हरवलेल्या असतात आणि कोणाच्या लक्षातच येत नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे, टॉर्क पान्याने. आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन एक क्षणही प्लेटच्या हबवर (मधल्या भागावर) लटकू द्यायचं नाही, जॅकवर नीट आधार द्यायचा. तिथे वाकलेली प्लेट डोळ्याला सरळ दिसते आणि पुढे थरथर आणि गिअर न पडणं दोन्ही देते.

बेडिंग इन, म्हणजे नवीन क्लचची तोंडं हळूहळू घासून बसवणं, याबद्दल लोक ऐकतात पण करत नाहीत. बहुतेक उत्पादक साधारण ८०० किमी शहरातलं चालवणं सांगतात, थांबत-निघत, पूर्ण थ्रॉटल न देता. हायवेचे किमी यात धरायचे नाहीत, तिथे क्लच पूर्ण पकडलेलाच असतो, काही घासत नाही, आठशे किमी सरळ गेलात तरी प्लेट नवीनच. केव्हलार लायनिंग तर याबाबतीत फार नाजूक, नीट बसायच्या आत एकदा भाजली की काच चढते. ट्यूनरकडे डायनोची (पॉवर मोजायच्या मशीनची) वेळ आधीच ठरवून ठेवलेली असते म्हणून नवीन क्लचवर तिसऱ्या दिवशी फुल पॉवर रन काढतात, कृपा करून ती तारीख पुढे ढकला.

आता मुळात कुठला क्लच हवा होता, कारण काही थरथरी दुरुस्त होतच नाहीत, त्या निवडीतूनच आलेल्या असतात. क्लच विकताना सांगतात त्या स्टेज १, २, ३ ला काही मानक नाही, एकाचा स्टेज २ दुसऱ्याच्या स्टेज ३ एवढा असू शकतो. आकडा बघायचा तो टॉर्कचा, हॉर्सपॉवरचा नाही. क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींवर ठरतं, घर्षण गुणांक, दाब, घासणाऱ्या तोंडांची संख्या आणि सरासरी त्रिज्या, चौघांचा गुणाकार. समजा सेंद्रिय लायनिंग, गुणांक ०.३, दाब ६००० न्यूटन, तोंडं दोन, त्रिज्या ९५ मिमी, तर ३४२ न्यूटन मीटर. आता त्रिज्या तीच धरली तर हे वाढवायचे मार्ग तीनच. सिरॅमिक घालून गुणांक ०.४ केला तर ४५६ मिळतात, पेडल तेवढंच हलकं राहतं, पण पकड झटक्याची आणि फ्लायव्हील खाल्लं जातं. सेंद्रियच ठेवून दाब ३० टक्के वाढवला तर ४४५ मिळतात, पकड मऊ राहते, पण पेडल जड. आणि त्याच त्रिज्येच्या दोन प्लेटा टाकल्या तर तोंडं चार होतात, क्षमता दुप्पट, पेडल हलकं आणि पकडही सोसण्यासारखी, मात्र किंमत जास्त आणि क्लच दाबल्यावर मधली प्लेट खडखडते. तो खडखडाट बिघाड नाही, त्यासाठी कोणी गिअरबॉक्स उतरवू नका.

रोजच्या गाडीसाठी माझं ठाम मत आहे की इंजिनच्या टॉर्कपेक्षा २०-२५ टक्के जास्त क्षमता पुरे, आणि ती आधी दाब वाढवून सेंद्रिय लायनिंगमध्ये बघा. रीमॅप केलेल्या टर्बो गाडीत टॉर्कचा डोंगर २०००-२५०० लाच असतो, त्या आकड्यावर हिशोब धरा. "पुढे मोठा टर्बो टाकणारच आहे" म्हणून आज दुप्पट क्षमतेचा पक क्लच घातला तर जो टर्बो अजून आलाच नाही त्याच्यासाठी तुम्ही रोज ट्रॅफिकमध्ये हादरे खाणार. हबला स्प्रिंगा असलेलीच प्लेट घ्या, सॉलिड हब रेसला ठीक. आणि लायनिंगच्या मधे लहरी पत्रा आहे का विचारा, क्लच सोडताना तो साधारण मिलिमीटरभर दबतो म्हणून पकड हळूहळू येते. पक प्लेटांमध्ये बरेचदा तो नसतो, म्हणूनच त्या चालू-बंद अशा वाटतात. प्लेट खूप भाजली की हा पत्रा सपाट होतो, लायनिंग शिल्लक असतं तरी मऊपणा परत येत नाही, तेव्हा "जाडी तर भरपूर आहे" म्हणून तीच प्लेट परत टाकू नका.

खूप हलकं फ्लायव्हील रोजच्या गाडीत घालू नका असंही सांगेन. आरपीएम पटकन चढतो हे खरं, पण निघताना इंजिन बंद पडतं म्हणून तुम्ही जास्त रेस देता, आणि वर केलेला हिशोब आठवा, उष्णता सामावायला लोखंडही कमी. ड्युअल मास काढून सिंगल मास टाकलं असेल तर आयडलला न्यूट्रलमध्ये गिअरचा खळखळाट येईल, क्लच दाबला की थांबेल, तो धोक्याचा नाही. क्लच दाबल्यावर सुरू होणारा किंवा वाढणारा चिरका आवाज मात्र रिलीज बेअरिंगचा असतो, त्याकडे दुर्लक्ष नको.

जड पेडलबद्दल एवढंच, जास्त दाबाचा क्लच दाबला की तो सगळा जोर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) पडतो. सिग्नलला पहिला टाकून क्लच दाबून बसायची सवय मोडा, न्यूट्रल करा, पाय काढा, त्यात तुमचा गुडघाही वाचतो. थंड इंजिन क्लच दाबूनच सुरू होत असेल तर सुरू झाल्याबरोबर न्यूट्रलमध्ये सोडा, तेव्हा तिथे तेलाचा थर पूर्ण आलेला नसतो. पेडल हळूहळू, काही महिन्यांत जड होत गेलं असेल तर बहुतेक प्लेट झिजतेय, डायाफ्रामच्या (प्रेशर प्लेटच्या गोल स्प्रिंगच्या) बोटांचा कोन बदलतो म्हणून. एकदम जड झालं तर फोर्क, त्याचा पिव्हट आणि बेअरिंगची नळी बघा. दाबताना फायरवॉल किंवा पेडलचा कंस वाकताना दिसत असेल तर प्रवासच कमी पडतो आणि क्लच सुटत नाही, तिथे आधार वेल्ड करावा लागतो. आणि उलट, प्रवास गरजेपेक्षा जास्त असेल तर प्रेशर प्लेटची बोटं मर्यादेपलीकडे दाबली जातात आणि शाफ्टभोवती बसणारा स्लेव्ह सिलेंडर (ऑइलच्या दाबाने रिलीज बेअरिंग ढकलणारा) फुटतो, म्हणून पेडलला खाली स्टॉप लावून घ्या. क्लच सुटतो त्या जागेच्या थोडं पुढे, बस.

गिअरबॉक्स खाली असतानाच रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, मागचा क्रँक सील, शाफ्ट सील आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवीन घाला, यातलं काहीही वाचवण्यासारखं नाही. आणि त्याच वेळी क्रँकचा पुढे-मागे हलण्याचा खेळ डायल गेजने मोजून तारखेसकट लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा थ्रस्ट बेअरिंग किती झिजलं ते त्या आकड्यावरून कळेल.